बर्फाचा हिशेब

मालीमच्या जेटीवर बर्फ विकते मी,
तेवीस वर्षं. शहरं मला लाद्यांनी ठाऊक आहेत.

बेळगाव म्हणजे पाव लादी,
चोर्ल्याच्या घाटात ट्रक आडवा झाला तर अर्धी.
कोल्हापूरही अर्धी.
पुण्याला अख्खी, रात्रीच्या बसला,
आणि डिकीत इंजिनाकडची जागा मिळाली
तर वर आणखी दोन फावडी.
हैदराबादला दीड. भुसा दाबून,
खोक्याला चिकटपट्टी तीन वेढे.
किलोमीटर हवे तर बसवाल्याला विचारा.
मी एवढंच विचारते: कुठं, आणि कशानं?

बेतीचे इनास मास्तर
एक गुरुवार सोडून एक गुरुवार यायचे.
इसवण, कधी चोणक.
लेकीला, सिकंदराबादला.
खोक्यावर जाड पेनानं नाव घालायचे, लिडिया,
अक्षर असं की नुकतंच फळ्यावरून उतरलंय.
साडेतीनची बस, चौदा तास.
पहाटे साडेपाचला खोका तिथं उतरायचा
आणि सहाला मास्तरांचा मला फोन:
"पोचलं गे. बर्फ अजून वाजतोय आत."
म्हणजे लिंबाएवढे खडे उरलेत.
मला शाबासकी देणारं दुसरं कोण होतं?

जानेवारीत ते मंगळवारी आले.
मंगळवारी कधी येत नसत.
इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, जेटीवरच्या चिखलात.
"आज मीच नेतोय. विमानानं. मोपाहून दीड तास."

फावडं भरलं नि थांबले.
दीड तासाला किती द्यायचा? ओंजळभर?
तेवढा तर पुलावर गाड्या खोळंबल्या
की पणजीला पोचेस्तोवर संपतो.
मग बोटांवर मोजलं:
इथून मोपा, तास.
दोन तास आधी हजर व्हायचं.
उतरून सामानाची वाट, तिथून लेकीचं घर,
दीडाचे सहा झाले की.
हवेतला रस्ता सगळा जमिनीवरच लांबतो.
पाव लादी दिली. थोडी जास्तच.
म्हटलं, मास्तर, विमानानं हैदराबाद म्हणजे बेळगावच हो.
एरवी अशा हिशेबाला हसायचे.
"बस परवडायची नाही," म्हणाले,
आणि नोटा न मोजता ठेवल्या.
का चाललात, ते विचारलं नाही मी.
माझे प्रश्न दोनच.

दिवेलागणीला दाजीची टॅक्सी आली.
मागच्या सीटवर खोका, एकटा.
काउंटरवरच्या मुलीनं उचलला
आणि कोपऱ्यातून थेंब पडला. एक. मग दुसरा.
गळणारं सामान वर जात नाही.
दाजी म्हणाला, मास्तर भांडले नाहीत.
परतीच्या भाड्याचे पैसे हातावर ठेवले, म्हणाले,
तिला नेऊन दे.
आणि सांग, बर्फ कमी पडला नव्हता.

मासा चांगला होता अजून,
कल्ले लाल, डोळे स्वच्छ.
अर्धा दाजीनं नेला, अर्धा मी रव्यात घोळवला.
खाताना घड्याळाकडे नजर गेली, नऊ.
मास्तर उतरले असतील आता,
पट्ट्याजवळ उभे, घ्यायला काही नाही.
काटा लागला नाही, पण घास हळू गेला.

त्याला सात आठवडे झाले.
नंबर आहे माझ्याकडे. करत नाही.
सहाला जाग येते तशी येते.
खोका आतून पुसून ठेवलाय,
त्यावर काही ठेवत नाही मी.
म्हणजे, वही ठेवते. पेन.
कधी चहाचा ग्लास, नाव सोडून बाजूला.

काल पर्वरीचा एक पोरगा तोच मागत होता.
दुसरा दिला, नवा, त्याच भावात.
विचारत होता, मावशे, विमानानं पुण्याला न्यायचं तर किती लागेल?
म्हटलं, गळणार नाही एवढा.
तो बघतच राहिला.
म्हटलं, तसा बर्फ नसतो बाबा,
बसनं पाठव.